मयताच्या नावाचा पुकारा

माझं काम ओरडायचं होतं. कोर्टात काय होतात असं कुणी विचारलं आणि मी शिपाई म्हणालो, की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं चहा आणायचा, फायली उचलायच्या, साहेबांची खुर्ची झटकायची. तेही केलं, नाही कशाला म्हणू. पण माझं खरं काम म्हणजे इजलासाच्या दारात उभं राहून माणसांची नावं पुकारायची. इजलास म्हणजे कोर्टाचा हॉल. निजामाच्या काळातले शब्द आमच्याकडे अजून नोकरीत आहेत. ते माझ्याआधी रिटायर होतील असं वाटलं होतं, झाले नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या कोर्टांत माझी सगळी नोकरी गेली. माझ्या कपड्यांना, चहाला, दाढीला साहेब लोकांनी नावं ठेवली असतील, आवाजाला कुणी ठेवली नाहीत. वडील चुडाव्याकडे रेल्वेच्या गँगमध्ये होते. गाडी दिसली की लांब रुळावर वाकलेल्या माणसांना हाळी देऊन बाजूला करायचं हे त्यांचं काम. गळा त्यांच्याकडून आला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. जे शहाणे राहिले त्यांच्यासाठी सांगतो. रोज सकाळी त्या दिवशीच्या केसेसची यादी लागते, तिला बोर्ड म्हणतात. साहेब वर बसले की क्रमानं एकेक केस निघते, आणि त्यातल्या माणसांना मी दारातून हाक देतो. बाहेर व्हरांड्यात जत्रा भरलेली. नांदायला न जाणाऱ्या बायका, त्यांचे नवरे, जामीनदार, बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले सख्खे भाऊ. हाक तीनदा द्यायची. तिसऱ्या हाकेला आरोपी आला नाही तर रोजनाम्यात गैरहजर लागतं आणि पकड वॉरंट निघतं. म्हणजे माणूस लघवीला गेला असेल, एसटी बिघडली असेल, कानानं बहिरा असेल, तरी कायद्याच्या लेखी तो आलाच नाही. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मधे किती थांबायचं हे पुकारणाऱ्याच्या हातात असतं. नियमात ते कुठं लिहिलेलं नाही. मी थांबायचो. काही वकील चिडायचे, चिडोत बापडे.

हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना सगळं कोर्ट चाचा म्हणायचं. जुने पट्टेवाले, पान खाऊन ओठ कायम लाल. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "देख बेटा, नाम पूरा लेने का, बाप के नाम के साथ. साहब नक्को, राव नक्को, और अबे-तबे तो बिल्कुल नक्को. इस दरवाजे में सब एक." ते शेवटी 'हाजिर हैऽ' असा सूर लावायचे. मीही तोच लावला. कोल्हापूरकडचे एक साहेब आले होते, ते पहिले काही दिवस हसले, मग त्यांनाही त्याशिवाय केस सुरू झाल्यासारखी वाटेना.

गमती पुष्कळ झाल्या. पाथरीला असताना एका आरोपीला हाक दिली तर व्हरांड्यातून आवाज आला, "न्हाई." म्हटलं, तू कोण? तर म्हणे, "मी त्याचा भाऊ हाय. तो गाडी लावायलाय, तवर मी न्हाई म्हून सांगायलोय." एक म्हातारे तर दिवसभर माझ्यासमोर बसून होते आणि मी त्यांनाच पुकारत होतो. जन्मभर त्यांना सगळ्यांनी बापू म्हटलेलं, सातबाऱ्यावरचं नाव त्यांच्या कानाला ओळखीचंच नव्हतं. त्यांचं वॉरंट मी होऊ दिलं नाही, एवढं सांगून पुढं जातो. कारण हे लिहायला सांगणाऱ्या संपादकांनी विचारलं की विसरता न आलेली केस कोणती, आणि ती हसण्यातली नाही.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. पोलिस ठाण्याचंही नाही. मला अजून तिकडं लग्नकार्याला जावं लागतं.

मारोती लिंबाजी हा तिथल्या एका खेड्यातल्या बौद्धवाड्यातला पोरगा. पोरगा म्हणजे लग्न झालेला. विहिरीतली, बोअरमधली मोटार बिघडली की वर काढायची, दुरुस्त झाली की परत सोडायची, हे त्याचं काम. साखळी, तिपाई आणि चार माणसं लागतात त्याला. उन्हाळ्यात आसपासच्या गावांतून त्याला बोलावणं असायचं, बड्या शेतकऱ्यांच्या विहिरीवर मानानं बोलावणं. मग त्या भागात मोटारी चोरीला जायला लागल्या. आता मोटार काढायचं कसब कुणाला? मारोतीला. पोलिसांचा तपास एवढाच. त्याला आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या बबनला ठाण्यात नेलं. थोड्याच दिवसांत एका पहाटे मारोती मेला.

पोलिस म्हणाले, छातीत दुखायला लागलं म्हणून सरकारी दवाखान्यात नेला, तिथं उपचार चालू असताना गेला. बबन जामिनावर सुटून गावात आला तेव्हा त्यानं मारोतीच्या आईला सांगितलं, की ठाण्यातून उचलून जीपमध्ये घातला तेव्हाच त्याचे हातपाय गार होते. एक गोष्ट खरी तर दुसरी खोटी. दवाखान्यात मेला असेल तर आजारानं मेला. ठाण्यात मेला असेल तर का मेला ते ठाण्यानं सांगायचं. सगळं भांडण या एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

कोठडीत माणूस मेला की त्याची चौकशी न्यायाधीशानं करायची असा कायदा आहे. ती चौकशी आमच्याच इमारतीत, पलीकडच्या खोलीत, दुसऱ्या साहेबांपुढं लागली. आणि इकडं पोलिसांनी मोटारचोरीचं दोषारोपपत्र आमच्या कोर्टात टाकलं. घाईनं टाकलं. कारण सरळ आहे: माणूस चोर ठरला तर त्याला का धरलं हा प्रश्न तरी मिटतो. त्यात आरोपी नंबर एक मारोती लिंबाजी, आरोपी नंबर दोन बबन. मारोतीच्या नावापुढं 'मयत' हा शब्द नव्हता. पोलिसांच्या केसेस बघणारा ठाण्याचा एक जमादार कोर्टात असायचा, पैरवीचा जमादार म्हणतात त्याला. मी त्याला विचारलं, अहो, हे काय? तो म्हणाला, "जिवंत होता तवाचा मजकूर कॉम्प्युटरमधी तयार होता, तोच काढला शेषराव. कोन बघायलंय?"

कुणी बघितलं नाही हे खरं. कोर्टातून दोघांच्या नावे समन्स निघाले, आणि ते बजावायला त्याच ठाण्याचा एक नवा शिपाई मारोतीच्या घरी गेला. दारात त्याची आई होती, धुरपताबाई. शिपायानं विचारलं, मारोती लिंबाजी कुठाय? ती म्हणाली, "तुमच्याकडंच हाय की. म्या कवाची वाट बघायलेय." पोरगं गोंधळलं, समन्स तिच्या हातात देऊन निघून आलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना तिला त्या शिपायाची दयाच आली होती.

पहिल्या तारखेला मी बोर्डाप्रमाणं हाक दिली. मला वाटलं, कुणीतरी वकील उठेल, साहेब, तो मयत आहे म्हणेल, विषय संपेल. मी एकदा पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्याच्या आधी थांबलो. तेव्हा व्हरांड्याच्या पायरीवरून एक बाई उठली. हिरवं लुगडं, पायात रबरी चप्पल, हातात पिशवी. "हाय," म्हणाली आणि सरळ आत आली.

त्या वेळी आमच्याकडं मॅडम होत्या. शांत बाई, कुणावर आवाज चढवायच्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण?

"त्याची माय."

"आरोपी कुठंय?"

"मेला बाई. ह्यांच्या ठाण्यात मेला."

जमादार फायलीत तोंड घालून उभा. मॅडमनी फाईल उलटीसुलटी करून पाहिली, त्याला झापलं, मग धुरपताबाईला नीट समजावलं. मयत माणसावर केस चालत नाही. मृत्यूचा दाखला आणा, मी त्याचं नाव काढून टाकते, तुम्हाला परत यावं लागणार नाही.

"दाखला म्या घेतला न्हाई," ती म्हणाली. "त्याच्यावर दवाखान्यात मेला असं लिवलंय."

"अहो, पण गेला हे तर खरं आहे ना?"

"खरं हाय. पर कुठं मेला हेच तर तुमी पलीकडच्या खोलीत इचारायलेत. तिथलं ठरू द्या. मग म्या दाखला घेती."

मी इतकी वर्षं दारात उभा राहून वकिलांचे युक्तिवाद ऐकले, मोठमोठ्या आवाजातले, टेबल बडवून केलेले. त्या बाईइतका सरळ मुद्दा मी क्वचित ऐकला. मॅडमनी पोलिसांना अहवाल द्यायला सांगून पुढची तारीख दिली.

आता तुम्ही म्हणाल, पोलिसांनी तरी दाखला का आणून दिला नाही? त्यांच्या सोयीचाच होता की. तर चौकशी चालू असताना मारोती कुठं मेला या विषयावर सही करायला ठाण्यातला एकही माणूस तयार नव्हता. सही केली की पलीकडच्या खोलीतून बोलावणं आलं. जो तो म्हणे, माझी त्या दिवशी ड्युटी नव्हती. सबंध ठाण्यात त्या दिवशी ड्युटीवर कुणी नव्हतंच असं वाटायला लागलं. मग काय, अहवाल नाही, दाखला नाही, आरोपीचं नाव बोर्डावर कायम. दर तारखेला मी मेलेल्या माणसाला पुकारत राहिलो आणि दर तारखेला त्याची आई हाय म्हणत राहिली.

मला त्याचा त्रास व्हायचा. का होऊ नये? घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, असं नाव घेऊ नये हो, आत्मा अडकतो. आमचा जमादार चहाच्या टपरीवर म्हणाला, "तुमाला काय पडलंय शेषराव, दोन हाका मारायच्या अन् गप बसायचं." मी म्हटलं, जमादार, दोन नाही, तीन. आणि तुम्ही मयत लिहिलं असतं तर एकही मारावी लागली नसती. त्यानंतर त्यानं माझ्या चहाचे पैसे देणं बंद केलं. बरंच झालं.

एका तारखेला मॅडमही कंटाळल्या. मी दाराकडं वळलो तशा म्हणाल्या, "शेषराव, ते नाव राहू द्या आज."

"मॅडम, बोर्डावर आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "करा मग."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी धुरपताबाईजवळ जाऊन बसलो. ती पिशवीतली भाकर काढून खात होती, मिरचीचा ठेचा आणि भाकर. मला अर्धी दिली. मी म्हटलं, बाई, तुम्हाला नसेल यायचं तर नका येऊ. इथं येऊन रोजगार बुडतो, जीपचं भाडं जातं, आणि मला तुमच्यासमोर ते नाव घ्यायला बरं वाटत नाही.

ती म्हणाली, "दादा, गावात त्याचं नाव कोनी घेत न्हाई. ज्यांच्या हिरीत जीव धोक्यात घालून उतरायचा ते बी घेत न्हाईत. नाव घेतलं की साक्षीला जावं लागंल म्हून भेतेत. सून माहेरी गेली, ती बी घेत न्हाई, तिला दुसरं घर करायचंय, करू दे. इथं तुमी एवढ्या लोकात त्याचं नाव घेता, बापाच्या नावासकट घेता. तेवढंच ऐकायला येती म्या."

माझा एक नियम होता, कोर्टात आलेल्या माणसासमोर रडायचं नाही, आपण सरकारी माणूस. तो नियम मी कसाबसा पाळला.

तिची सगळी भिस्त बबनवर होती. पलीकडच्या खोलीतली चौकशी म्हणजे शेवटी त्याची साक्ष. रात्रंदिवस मारोतीबरोबर त्या कोठडीत तोच होता. दवाखान्याचे डॉक्टर येऊन गेले, त्यांनी सांगितलं की आणला तेव्हा नाडी अगदी मंद लागत होती, म्हणजे लागत होती. अंगावरच्या खुणा जुन्याही असू शकतात. मोटारी उचलणाऱ्या माणसाच्या अंगावर खुणा असणारच, हेही तेच म्हणाले. त्यांना कुणी ते विचारलं नव्हतं.

बबनच्या साक्षीच्या दिवशी त्या खोलीचा शिपाई रजेवर होता, म्हणून पुकारायला मीच होतो. धुरपताबाई त्याला स्वतः घेऊन आली होती, एकाच जीपनं. मी पहिली हाक दिली. बबन कँटीनच्या मागं उभा राहिलेला मला दिसत होता. दुसरी हाक दिली. तो जागचा हलला नाही. पुकारणाऱ्याला माणूस दिसत असला तरी जाऊन ओढून आणता येत नाही, तेवढा अधिकार मला नाही. मी थांबलो. जितकं थांबता येईल तितकं थांबलो. आतून साहेबांनी दोनदा मान वर केली. शेवटी धुरपताबाई पायरीवरून उठली, कँटीनमागं गेली आणि त्याचा हात धरून त्याला घेऊन आली. माझ्यासमोर त्याला म्हणाली, "जा बाबा. नाव घ्यायलेत तुझं. भिऊ नको, जे बघितलं ते सांग." त्याच्या शर्टाची कॉलर तिनं नीट केली.

तो आत गेला आणि म्हणाला, मला झोप लागली होती, मी काही बघितलं नाही.

साहेबांनी त्याला उलटसुलट विचारलं. खरं सांगतो, त्यांनी प्रयत्न केला. शेजारच्या माणसावर अशी वेळ आलेली असताना तो सबंध वेळ झोपून होता का, असंही विचारलं. बबन म्हणाला, मला झोप लय लागते साहेब. बाहेर आल्यावर तो धुरपताबाईच्या अंगावरून गेला, तिच्याकडं न बघता, आणि फाटकापर्यंत गेल्यावर पळायला लागला. तिनं मला विचारलं, सांगितलं का? मी दारात उभा होतो, सगळं ऐकलेलं. खोटं बोलायला जीभ वळेना. मी नाही म्हणून मान हलवली. ती बराच वेळ फाटकाकडं बघत बसली, पण बबनला शिवी दिली नाही. मी मनातल्या मनात दिल्या, तिच्या वाटच्याही दिल्या.

ठाण्याचे जे मोठे फौजदार होते, त्यांचाही जबाब त्याच आठवड्यात झाला. मी पुकारायच्या तयारीत होतो. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांसकट, पाठ करून ठेवलं होतं, कारण वर्दीतल्या माणसाला पुकारताना आवाज घसरतो आणि मला तो घसरू द्यायचा नव्हता. पण कारकून येऊन सांगून गेला, पुकारू नका, ते मागच्या दारानं साहेबांच्या खोलीत येऊन बसलेत. आत खुर्ची दिली होती. मी पाणी नेऊन दिलं. ते मला थँक यू म्हणाले.

चौकशीचा अहवाल लाखेचा शिक्का मारून परभणीला गेला, तिथून आणखी वर गेला. त्यात काय होतं ते आम्हाला कळलं नाही. पोलिसावर केस करायची तर सरकारची मंजुरी लागते, ती मागितली की नाही, मिळाली की नाही, हेही कळलं नाही. धुरपताबाई मला विचारायची, वकिलांना विचारायची, एकदा परभणीला जाऊन विचारून आली. सगळीकडं एकच उत्तर: प्रक्रिया चालू आहे. चौकशी संपली म्हणावी तर निकाल नाही, आणि चालू म्हणावी तर पलीकडच्या खोलीत आता दुसऱ्याच केसेस चाललेल्या. फौजदारांची मधल्या काळात बदली झाली. बढतीवर झाली असं जमादार सांगत होता, सांगताना त्यालाही ते फारसं आवडलेलं दिसलं नाही.

मॅडमही बदलून गेल्या. त्यांच्या जागी एक तरुण साहेब आले, विदर्भाकडचे, चटपटीत. वरून हुकूम होता, जुनी प्रकरणं निकाली काढा. इजलासाबाहेर लाल आकड्यांचा स्क्रीन बसला, केसचा नंबर आपोआप उजळायला लागला, आणि शिपाई पुकारतो कशाला असं लोक म्हणायला लागले. वाचता न येणाऱ्याला तो आकडा काय सांगणार? मी पुकारतच राहिलो. मोटारचोरीची केस जुन्या प्रकरणांत आली. अहवाल वर गेल्यामुळं आता सही करायला कुणाला भीती नव्हती. पुढच्याच तारखेला पोलिसांनी मारोतीच्या मृत्यूचा दाखला आणून दिला. मृत्यूचं ठिकाण: दवाखाना.

त्या दिवशी साक्षी भराभर झाल्या. ज्याची मोटार चोरीला गेली तो शेतकरी म्हणाला, ही मोटार माझीच आहे असं सांगता येत नाही, सगळ्या सारख्याच दिसतात. पंच म्हणाले, आमच्या सह्या ठाण्यात घेतल्या, मोटार आम्ही बघितली नाही. सरकारी पक्षानं कुणालाही फिरून एक प्रश्न विचारला नाही. कुणाचं कुणाशी काय ठरलं होतं ते मला माहीत नाही, पण बबननं पलीकडच्या खोलीत झोप लागली म्हणून सांगितलं होतं, आणि इकडं त्याच्याविरुद्ध सगळे असे एकदम विसरभोळे झाले. जोडायचं त्यानं जोडावं. साहेबांनी निकाल सांगितला: आरोपी नंबर दोन निर्दोष. आरोपी नंबर एक मयत, त्याच्यापुरता खटला संपुष्टात.

धुरपताबाई पिंजऱ्याजवळ उभी होती. म्हणाली, "साहेब, दोघावर एकच केस व्हती."

"हो."

"तो सुटला."

"हो, निर्दोष सुटला."

"मग माझा बी सुटला ना? तेवढं लिवा की. चोरी केली न्हाई म्हून लिवा."

साहेबांनी समजावलं. चांगल्या शब्दांत समजावलं, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मयत माणसाला कोर्ट शिक्षा देऊ शकत नाही तसंच निर्दोषही म्हणू शकत नाही. त्याची केस तिथंच थांबते.

"म्हंजी चोरच ऱ्हायला."

"चोर नाही म्हटलेलं, बाई."

"चोर न्हाई असं बी न्हाई म्हटलं."

हॉलमध्ये वकील होते, पोलिस होते, दुसऱ्या केसेसची माणसं होती. सगळ्यांनी ते ऐकलं. साहेबांनी फाईल बंद करून बाजूला ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, पुढची केस. मी दारात जाऊन पुढचं नाव पुकारलं. पोटगीची केस होती. आवाज नेहमीसारखाच स्वच्छ लागला, आणि त्याचा मला अजून राग येतो.

ती गेली असेल असं वाटलं होतं, पण मधल्या सुट्टीत बाहेर आलो तर पायरीवरच बसलेली. भाकर सोडलेली नव्हती. मी शेजारी बसलो. म्हटलं, बाई, आता तारीख नाही. आता यायचं काम नाही.

"म्हंजी त्याचं नाव आता पुकारणार न्हाई तुमी."

"नाही. निघालं बोर्डावरून."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग विचारलं, "दादा, त्या फौजदाराचं नाव ठावं हाय तुमाला?"

"आहे."

"मारोतीचं घ्यायचा तसं घेता का एक डाव? तीनदा न्हाई, एकदाच. त्यो काय येणार न्हाई, मला बी ठावं हाय. म्या नुसतं ऐकती."

नाव मला वडिलांसकट पाठ होतं. व्हरांडा माणसांनी भरलेला होता. मी म्हटलं, "बोर्डावर असल्याशिवाय मला कुणाला पुकारता येत नाही हो."

"मग बोर्डावर कवा येतंय?"

मी म्हटलं, आलं की मी पुकारीन. तिनं मान डोलवली, पिशवी उचलली आणि जीपच्या अड्ड्याकडं गेली. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी साहेबांच्या आधी बोर्ड वाचला, पलीकडच्या खोलीचाही वाचला. शेवटच्या दिवशी हार घालायला सगळे खोळंबले होते, तेव्हाही आधी तोच वाचून आलो. नाव नव्हतं.